तंग कसताना

चि. सानिकास,


तुझं पत्र मिळालं. तुमच्या क्लबातला घोडा बादल नाटकी आहे, खोगिराचा तंग कसायला गेलं की कान पाडतो, दात दाखवतो आणि उस्ताद म्हणतात नाकाडावर एक चापट दे, हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. चापट देऊ नकोस. एवढं एक तरी माझं ऐक.

घोडा दात दाखवतो ते अगदी शेवटी. उद्या खोगीर घेऊन जाशील तेव्हा चार पावलं अलीकडेच थांब आणि त्याच्या तोंडाकडे बघ. नाकपुड्या आवळल्या जातात, हनुवटी घट्ट होते, गालाचा स्नायू उठून दिसतो, डोळ्याच्या वरची कातडी ताणून तिथे कोन पडतो. मग शेपटी झटकली जाते, माशी एकही नसताना. मग तो अंग चोरतो, मान वळवून तुझ्या हाताकडे बघतो. एवढं करूनही तू तंग ओढलास, तर मग दात. तुमचे उस्ताद फक्त दात बघतात, म्हणून त्यांना तो अचानक बिथरल्यासारखा वाटतो.

कान मागे गेले म्हणजे राग, असं मात्र धरू नकोस. तू पाठीवर असताना एक कान तुझ्याकडे वळलेला असेल, तर तो तुझं ऐकतोय. मानेला चिकटलेले ताठ कान वेगळे आणि डुलकी लागल्यावर बाजूला सैल पडलेले वेगळे. पायांचंही तसंच. मागचा एक पाय सैल सोडून खुराचं टोक टेकवून उभा असेल, तर खुशाल आराम करू दे. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचं वजन काढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव.

शिकार होणाऱ्या जनावराला दुखणं उघड दाखवणं परवडत नाही, म्हणून घोड्याचं सगळं असं बारीक असतं. २०१४ साली संशोधकांनी खच्ची केलेल्या घोड्यांचे शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे चेहरे ताडून पाहिले आणि वेदना ओळखण्याच्या सहा खुणा ठरवल्या. कान, डोळा, नाकपुडी, हनुवटी, सगळं त्यात आहे. मुरलेल्या मोतद्दाराला यातलं बरंच आधीपासून ठाऊक असतं, फक्त त्याला विचारायला कोणी जात नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारे अंगावरचे भोवरे तपासतात, देवमण हा शुभ मानलेला भोवरा शोधतात, दात उघडून वय बघतात. त्याच घोड्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर थांबून बघणारा क्वचित भेटतो, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

आता बादलचं. तो रेसकोर्सवरून आलाय म्हणालीस, म्हणून मला पहिली शंका पोटाची येते. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, पण ते शमवणारी लाळ सुटते ती चावतानाच. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, म्हणून त्याला ते बाधत नाही. शर्यतीच्या घोड्याला दाणा भरपूर, गवत कमी आणि मधले कित्येक तास रिकामे. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून संरक्षण नसतं. धावताना आम्ल तिथवर उसळतं आणि व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत हे व्रण फार आढळतात. असं पोट घेऊन उभ्या असलेल्या जनावराचा तंग कोणी झटक्यात आवळला, तर त्याने काय करावं?

दुसरी शंका खोगिराची. आयाळ संपते तिथून कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं हलका दाब देत फिरव. कुठे कातडी थरथरली, पाठ खाली गेली, तर ती जागा लक्षात ठेव.

तू जवळ जाताना कशी जातेस, तेही तो बघत असतो. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा टापा मारून गणितं सोडवायचा. भलेभले चक्रावले. ऑस्कर फुंग्स्टने तपास केला आणि १९०७ मध्ये उलगडा मांडला. टापांची संख्या उत्तरापर्यंत आली की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्सचंही चुकायचं. लोक म्हणाले, घोड्याला गणित येत नाही. मला यात दिसते ती हान्सची नजर. माणसांच्या घोळक्यात कुणालाच न दिसलेली हालचाल त्याला दिसत होती. तेव्हा आज चावेल की काय या धास्तीने तू खांदे आवळून गेलीस, तर बादलला ते खोगिराच्या आधी कळतं.

स्वारीआधी त्याला थोडा लसूणघास खाऊ घाल, म्हणजे लाळ सुटेल आणि पोटात काहीतरी असेल. तंग एका दमात ओढू नकोस. एक भोक कस, चार पावलं चालव, मग पुढचं. उस्तादांशी वाद घालू नकोस, त्यांच्यासमोर पाठ दाबून दाखव. आणि डॉक्टरांना दुर्बिणीने जठर तपासता येईल का, ते विचार. खर्चाबद्दल क्लबने काही कुरकुर केली तर मला फोन कर, मी बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
आत्या