टिटवीचा संसार

मुंबई-पुण्याला आले की मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. 'बोटीवर जेवता काय?' हा पहिला. 'आंघोळीचं काय करता?' हा दुसरा. तो बायका जरा आवाज खाली आणून विचारतात. आणि तिसरा, 'भीती नाही का हो वाटत?' यांना मात्र सगळे पुरुष एकच प्रश्न विचारतात : 'केवढ्याला पडली?'

आमची बोट म्हणजे आगबोट नव्हे. अडतीस फूट लांबीची, एका डोलकाठीची शिडाची होडी. आत एक शेगडी, एक टेबल, दोन बाके आणि नाळेकडच्या बाजूला त्रिकोणी बिछाना. माझे माहेर दादरच्या दोन खोल्यांत नांदले, म्हणून मला ही जागा पुरली. बंगल्यात वाढलेल्या मुलीचे काम नव्हे.

यांची नोकरी ऑकलंडला असल्यामुळे आमची वीस वर्षे न्यूझीलंडमध्ये गेली. त्या गावाला शिडांचे वेडच आहे. ते यांना लागले. मुले मार्गी लागली, हे निवृत्त झाले, आणि ताहितीजवळच्या रायातेआ बेटावर एका युरोपियन जोडप्याने विकायला काढलेली ही होडी आम्ही घेतली. नाव ठेवले 'टिटवी'. टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमची एवढी मोठी महत्त्वाकांक्षा नव्हती. समुद्राने आम्हांला आटवू नये, इतकेच मागणे होते.

असे संसार करणारे आम्ही पहिले नव्हे. एरिक आणि सुसान हिस्कॉक या इंग्रज जोडप्याने 1952 ते 1955 या काळात अवघ्या तीस फुटी होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याकडचे दिलीप दोंदे 2009-10 साली एकट्याने जग फिरून आले, तेही गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून. त्यांच्यापुढे आमचा प्रवास म्हणजे पर्वतीची चढण. रायातेआपासून बेटाबेटाने पश्चिमेला जात जात न्यूझीलंड गाठायचे, एवढाच आमचा बेत.

या प्रवासाचे पंचांग वाऱ्याने ठरवलेले असते. आपले कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात लोटतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये हाच हिशेब उलट्या महिन्यांत मांडायचा. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, तेव्हा फिरायचे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे किंवा सुरक्षित आडोशाला नांगर टाकून बसायचे.

आता जेवणाचे. डाळ, तांदूळ, कणीक आणि मूग यांवर मराठी माणूस जगात कुठेही जगतो. हिरवी भाजी आठवड्यात संपते. मग मुगाला मोड आणायचे. अंडी रोज उलटी करून ठेवली तर शीतपेटीवाचून कितीतरी दिवस टिकतात. शेगडी दोन खिळींवर झुलती असते. होडी कलली तरी भांडे सपाट राहते. प्रेशर कुकरइतके गुणी भांडे दुसरे नाही, कारण त्याचे झाकण उडत नाही. बेटांवर तर निम्मे कोकणच भेटते. नारळ आहेच. नीरफणस आहे, हीच रोपे ताहितीहून नेत असताना 1789 मध्ये टोंगाजवळ 'बाउंटी' जहाजावर ते प्रसिद्ध बंड झाले. मी त्याचे काप केले तेव्हा बंडाचे कारण मला मुळीच उमगले नाही. आणि अळू! टोंगाच्या वावाउ बेटांत एका बाईने मला अळूची भलीमोठी पाने दिली. त्या लोकांत ती नारळाच्या रसात शिजवतात. मी वड्या केल्या आणि तिला नेऊन दिल्या. तिने एक खाल्ली, डोळे मोठे केले आणि उरलेल्या झाकून आत नेल्या. यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

आंघोळ समुद्राच्या पाण्याने, आणि शेवटी गोड्या पाण्याचे दोन तांबे. पाऊस आला की ताडपत्रीखाली बादल्या. चाळीच्या नळाला तासभर पाणी येई त्या दिवसांचा अनुभव इथे कामी आला.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतक्या चटकन देता येत नाही. त्यासाठी सुवॉरोपर्यंत यावे लागेल.

बोराबोरा सोडल्यावर जवळजवळ 700 सागरी मैलांवर, कुक बेटांच्या हद्दीत, सुवॉरो नावाचे कंकणद्वीप आहे. अशी बेटे घडतात कशी, याचा उलगडा डार्विनने केला. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो, त्याच्या कडेने पोवळ्यांचा बांध वाढतो. पुढे लाखो वर्षे डोंगर खचत जातो आणि पोवळी वर वाढत राहतात. बोराबोराला डोंगर अजून आहे. सुवॉरोला तो बुडाला. उरले फक्त कंकण, आत शांत पाणी, बाहेर फेसाळणारा महासागर. हात वर केला तर बेटाहून उंच होईल असे वाटावे, इतकी सपाट जमीन. 1814 साली 'सुवोरोव' या रशियन जहाजाला हे बेट दिसले, म्हणून हे नाव. वस्ती नाही. 1978 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. मोसमात सरकारी रखवालदार राहतात. बाकी रहिवासी म्हणजे समुद्रपक्षी, नारळ फोडणारे खेकडे आणि नांगराभोवती घिरट्या घालणारे शार्क.

टॉम नील हा न्यूझीलंडचा माणूस 1952 पासून मधूनमधून इथे वर्षानुवर्षे एकटा राहिला. 1954 साली त्याच्या पाठीत अशी कळ भरली की हलता येईना. योगायोगाने एक होडी आली म्हणून वाचला. त्याआधी 1942 च्या वादळात रॉबर्ट फ्रिस्बी या अमेरिकन लेखकाने आपल्या चार मुलांना झाडांना बांधून त्यांचे प्राण वाचवले. ती झाडे 'तामानू'ची, म्हणजे आपल्या कोकणातली उंडी. आजोळी उंडीच्या तेलाचा दिवा मी पाहिला होता. त्या झाडाच्या बुंध्याला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले.

तिथेच पोहताना यांच्या नडगीला पोवळे खरचटले. इवलासा ओरखडा. धुतला, औषध लावले. पण पोवळ्याची जखम उष्ण हवेत फार लबाड. आम्ही नांगर उचलून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोकडे निघालो. अंतर सुमारे 450 मैल, म्हणजे जवळजवळ चार दिवस. दुसऱ्या संध्याकाळी यांना हुडहुडी भरली. ताप 103. पायावर गुडघ्याच्या दिशेने लाल पट्टा चढत होता.

मागे फिरावे, तर वारा तोंडावर आणि सुवॉरोला डॉक्टर नाही. पुढे 270 मैल. माझे धाकटे दीर पुण्याला डॉक्टर आहेत. उपग्रहाच्या यंत्रावरून मी त्यांना चार ओळी पाठवल्या. त्यांचे उत्तर आले : 'वहिनी, पेटीतल्या अँटिबायोटिक गोळ्या आत्ताच सुरू करा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, वेळ लिहा. पाणी भरपूर. बंदर गाठाच.'

मी रेघ ओढली. सहा तासांनी लाली रेघेच्या पुढे गेली होती. दुसरी रेघ ओढली.

त्यानंतरचे दोन दिवस आणि तीन रात्री होडी मी चालवली. निघण्यापूर्वी ऑकलंडला मी शिडाचा रीतसर अभ्यासक्रम केला होता, हे माझे पुण्य. वाऱ्यावर चालणारे सुकाणू आमच्याकडे आहे. त्याला आम्ही 'रामा' म्हणतो. तो जेवण मागत नाही आणि रजाही घेत नाही. पण वारा वाढला की शीड आखडायला रामा येत नाही. एका रात्री काळाकुट्ट ढग आला, वाऱ्याचा आवाज बदलला. कमरेचा पट्टा दोरीला अडकवून मी डोलकाठीपाशी गेले आणि भिजत, पुटपुटत शीड अर्धे उतरवले. आत येऊन पाहते तो हे उठून बसण्याची धडपड करीत होते.

"तू एकटी कशी करशील?"

"केलं," मी म्हटले. "झोपा आता."

स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ वीस मिनिटांवर लावून मी डुलक्या घेत होते. वीस मिनिटांनी उठायचे, क्षितिज पाहायचे, यांच्या कपाळाला हात लावायचे, पुन्हा वीस मिनिटे. भीती? त्या वेळी भीती नव्हती, कामे होती. भीती चौथ्या दिवशी दुपारी आली, जेव्हा लाली रेघेच्या आत थांबलेली दिसली. तेव्हा मी भांड्यांच्या फळीला टेकून पोटभर रडले.

अनोळखी बंदरात रात्री शिरायचे नाही, हा शिडाच्या धंद्यातला पहिला नियम. तुतुइलाचे डोंगर दिसले ते अंधारात. शीड उलटे बांधून होडी थांबवली आणि पहाटेची वाट पाहिली. उजाडल्यावर आत शिरलो. टूना मासळीच्या कारखान्याचा वास आला. मासळीचा वास मला कधी इतका प्रिय वाटला नव्हता.

यांना आठ दिवस इंजेक्शने घ्यावी लागली. पाय वाचला. मुलांचे फोन आले : 'आता पुरे. होडी विका, घरी या.' त्यांचे चूक नव्हते. त्या आठवड्यात आम्ही दोघे पुष्कळ बोललो. चाळीस वर्षांच्या संसारात बोललो नसू इतके. हे म्हणाले, "तू म्हणशील तर इथेच थांबू." मला जाणवले की आजवर आमच्या घरातला प्रत्येक मोठा प्रवास यांच्या नोकरीने ठरवला होता. ऑकलंडला गेलो तोही. पुढचा पहिल्यांदाच माझ्यावर सोपवला जात होता.

मी म्हटले, "जाऊ. पण दोन अटी. प्रत्येक टप्प्याला तांडेल बदलायचा. एकदा तुम्ही, एकदा मी. आणि जो तांडेल नसेल त्याने स्वयंपाक करायचा."

दुसरी अट यांना पहिलीपेक्षा जड गेली. पण वावाउला पोचेपर्यंत यांचा पिठल्यात हात बसला होता. त्या टप्प्यात वाररेषा लागते आणि एक अख्खा दिवस पंचांगातून गळतो. आमचा सोमवार गेला. माझा उपास आयताच टळला.

त्या वर्षीची दिवाळी आम्ही फिजीत, सावुसावुला केली. फिजीत दिवाळीला सार्वजनिक सुटी असते. 1879 ते 1916 या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजुरांना करारावर तिथे ऊस तोडायला नेले गेले. करार म्हणजे 'ॲग्रीमेंट'. त्याचे त्यांनी 'गिरमिट' केले. त्यांचे वंशज घराघरापुढे पणत्या लावतात. एका घरी आम्हांला फराळाला बोलावले. घरातल्या आजींच्या आजेसासू त्या जहाजांतून आल्या होत्या. कुठे चाललो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि परत जायचे त्यांना कोणी विचारले नाही. आजी त्यांच्या हिंदीत मला म्हणाल्या, "बेटी, तू तर आपल्या मर्जीनं आलीस. नाव कोण चालवतो?"

हे पटकन म्हणाले, "सध्या ही. मी आचारी आहे."

आजी इतक्या हसल्या की शेजारच्या घरातून बायका पाहायला आल्या. दोन आठवड्यांनी वारा अनुकूल झाला आणि न्यूझीलंडसाठी आम्ही नांगर उचलला. टप्पा यांचा होता. मी पिठात पाणी घालून भाकरी थापायला बसले.