शहाण्णव की एकशे दोन?

आमची सारी नोकरी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. शिकविण्याचे काम आमचे नव्हते. आम्ही प्रयोगशाळा सहायक. उपकरणे मांडावीत, मोडलेली दुरुस्त करावीत, सायंकाळी मोजून कपाटात ठेवावीत, एवढाच आमचा अधिकार. त्या कपाटातील ज्या एका वस्तूवर आमचा विशेष जीव होता, ती म्हणजे रेझिस्टन्स बॉक्स. काळ्या एबोनाइटचे झाकण, त्यावर पितळी ठोकळ्यांच्या रांगा आणि दोन ठोकळ्यांमधील फटीत घट्ट बसणाऱ्या पितळी खुंट्या. खुंटी बसलेली असली की वीज ठोकळ्यांतून सरळ निघून जाते. खुंटी उपसली की तिला खालच्या तारेच्या वेटोळ्यातून वाट काढावी लागते. म्हणजे काढले की वाढते, घातले की कमी होते. अकरावीच्या मुलांना हा उलटा हिशेब उमजायला आठवडा लागे.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नळाची चावी कमीजास्त फिरवून जसे पाणी आवरता येते, तशी वीज आवरण्याचे काम रोध करतो, आणि तो ओहम या मापात मोजतात. रेझिस्टन्स बॉक्स म्हणजे हवा तेवढा रोध मोजून देणारी पेटी. वाण्याच्या दुकानी वजनांचे जे स्थान, तेच प्रयोगाच्या टेबलावर या पेटीचे. किलोचे वजनच जर नऊशे ग्रॅमचे निघाले, तर तराजू कितीही चोख असून काय उपयोग?

निवृत्तीनंतर आम्ही उमरीस स्थायिक झालो. महाविद्यालयाच्या निर्लेखित सामानाच्या लिलावात एक जुनी खुंट्यांची पेटी आम्ही घेतली होती, ती सोबत आली. गल्लीतील काही मुलेमुली रेडिओ, दिव्यांच्या माळा, मोबाइलचे चार्जर असे काहीबाही दुरुस्तीस घेऊन येऊ लागली आणि त्यातून शनिवारचा एक वर्ग आपोआप उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हा त्यांचा आग्रह आम्हांस नेहमीच पटत आला आहे. आमचा वर्ग म्हणजे पत्र्याची ओसरी, दोन टेबले आणि डाग देण्याच्या चार इस्तऱ्या.

मुलांच्या हाती जुनी पेटी देण्यास आमचे मन होईना. तेव्हा स्वस्तातली एखादी नवी घ्यावी असे ठरविले. टपालाने मागविलेली पेटी आली. प्लॅस्टिकचा डबा, चार गोल बटणे, प्रत्येकावर शून्य ते नऊ, म्हणजे एकं, दहं, शतक, सहस्र. एक ते नऊ हजार नऊशे नव्याण्णव ओहमपर्यंत हवा तो आकडा जुळवावा. झाकणावर ‘अचूकता १ टक्का’ असे ठसठशीत छापलेले. किंमत इतकी कमी की आम्हांस आनंद झाला. शंका यावयास हवी होती.

वर्गातील एका मुलीने अंडी उबविण्याची पेटी करावयास घेतली होती. तिच्या आईकडे गावरान कोंबड्या आहेत, पण खुडूक बसणारी कोंबडी एका वेळी उबवून उबवून किती अंडी उबविणार? थर्मोकोलचा डबा, आत एक दिवा आणि पंखा, आणि ऊब साडेसदतीस अंशांवर धरून ठेवणारा एक छोटा नियंत्रक असा तिचा बेत. ऊब ओळखण्यासाठी तिने प्लॅटिनमच्या तारेचा संवेदक आणला होता. त्यास ‘पीटी शंभर’ म्हणतात, कारण वितळत्या बर्फात त्याचा रोध बरोबर १०० ओहम असतो. उकळत्या पाण्यात तो १३८.५ होतो आणि साडेसदतीस अंशांस ११४.६ असतो. एका अंशास अर्धा ओहमसुद्धा फरक पडत नाही, हे ध्यानी ठेवावे.

तेव्हा पहिला धडा असा दिला की, संवेदक बर्फात बुडवून त्याचा रोध स्वतः मोज. पद्धत व्हीटस्टन ब्रिजची. (हा ब्रिज प्रथम सुचविला तो सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ साली. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टन यांनी तो जगापुढे आणला आणि श्रेय ख्रिस्तींचेच आहे असे स्पष्ट सांगितले. तरी नाव व्हीटस्टन यांचेच चिकटले ते चिकटलेच.) ब्रिजच्या एका बाजूस संवेदक, दुसऱ्या बाजूस नवी पेटी आणि मध्ये मल्टिमीटर. पेटीची बटणे फिरवीत जावे. मीटर शून्य दाखवील तेव्हा पेटीवरचा आकडा तोच संवेदकाचा रोध.

थोड्या वेळाने ती वही घेऊन आली. वहीत दोन उत्तरे होती, ९६ आणि १०२.

“सर, शहाण्णवला बी शून्याजवळ येतंय अन् एकशे दोनला बी. मधी शंभरावर मात्र येईना.”

“एकाच वस्तूला दोन रोध कसे असतील? बर्फ नीट फोडला नसशील. पुन्हा कर.”

तिने पुन्हा केले. तिसऱ्यांदाही केले. आकडे तेच. आम्ही लाल शाईची लेखणी घेतली, पानावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले, ‘निरीक्षण चुकीचे.’ ती काही बोलली नाही. वही मिटून पिशवीत घातली आणि पुढील शनिवारी वर्गास आली नाही. तिच्यानंतरच्याही नाही.

खरे सांगावयाचे तर तोवर आमच्या मनात संशयाचा लवलेशही नव्हता. दुसऱ्या शनिवारी तिची रिकामी जागा पाहून आम्हांस चुकल्यासारखे झाले, आणि रात्री सहज म्हणून आम्ही जुनी पेटी काढली, खुंट्या स्वच्छ कापडाने पुसल्या आणि तोच ब्रिज पुन्हा मांडला. प्रथम नवी पेटी जोडून मीटर शून्यावर आणायचा, मग तिला काढून त्याच जागी जुनी पेटी बसवायची आणि शून्य पुन्हा कोठे येते ते पाहायचे. या अदलाबदलीच्या रीतीत ब्रिजची स्वतःची चूक दोन्ही वेळा सारखीच राहते, म्हणून ती आड येत नाही.

जे दिसले ते असे. नव्या पेटीतील एकंचे रोध ठीक होते. दहंचा प्रत्येक रोध दहाऐवजी १०.४ ओहमचा होता, तर शतकाचा शंभराऐवजी ९७ चा. सारी बटणे शून्यावर असतानाही आतल्या तारा आणि बटणांचे स्पर्श मिळून ०.६ ओहम होतेच. आता बेरीज करून पाहावी. ९६ वर पेटी प्रत्यक्षात देत होती १००.२, आणि १०२ वर ९९.६. दोन्ही शंभराच्या अगदी लगत! १०० वर मात्र ती ९७.६ देत होती. सर्वांत मौज म्हणजे ९९ वरून १०० वर गेल्यास रोध एक ओहमने वाढण्याऐवजी साडेपाच ओहमांहून अधिक उतरत होता. मुलीने पाहिले ते शब्दशः खरे होते. तिने बर्फ नीट फोडला होता, आकडे नीट वाचले होते आणि न जुळणारी दोन्ही उत्तरे लपवून न ठेवता वहीत लिहिली होती. तीस वर्षे प्रयोगशाळेत काढून आम्ही त्यावर रेघ ओढली होती.

डबा उघडला तेव्हा उलगडा झाला. आत कार्बन फिल्मचे साधे रोध होते, शेवटचा पट्टा सोनेरी, म्हणजे ५ टक्क्यांची मुभा असलेले. १ टक्का होता तो केवळ झाकणावर. पाच टक्क्यांचे रोध वाईट असतात असे नव्हे. दिव्यास किंवा साध्या रेडिओस ते पुरतात, पण मापास ते चालत नाहीत. शिवाय कार्बनचा रोध उष्णतेने उतरतो. मे महिन्यात आमच्या ओसरीचा पत्रा तापला म्हणजे सकाळचे माप दुपारी राहत नाही. जुन्या पेटीतील वेटोळी मँगॅनिनची, म्हणजे तांबे, मँगॅनीज आणि थोडे निकेल यांच्या मिश्रधातूची. उन्हाळा असो की हिवाळा, तिचा रोध जवळजवळ हलत नाही. तार दुहेरी करून गुंडाळलेली असते, म्हणजे जाणाऱ्या विजेचे चुंबकत्व येणारी वीज पुसून टाकते. जुनी माणसे पैसे कशाचे घेत ते यावरून कळते.

त्यानंतर दोनतीन आठवडे आम्ही स्वस्त पेट्यांच्या मागेच लागलो. एका मित्राकडून हिरव्या पट्टीवरची पेटी आणली. हिला डबा नाही, बटणे नाहीत, सात दशकांच्या पिनांच्या रांगा आणि त्यांवर सरकवायच्या इवल्या टोप्या. दिसायला पोरखेळ, पण मापे एका टक्क्याच्या आत निघाली. दोष निराळेच आहेत. टोपी सैल झाली की आकडा नाचतो, आणि लाखो ओहमांच्या रांगेत पट्टीला नुसता घामेजला हात लागला तरी वीज त्या हातातून वाट काढते. मग तिसरी पेटी आम्ही स्वतःच केली. उमरीहून रेल्वेने निजामाबादमार्गे हैदराबाद गाठावे आणि कोठी भागातील गुजराती गल्लीत शिरावे, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची आठवण होते. तेथून मेटल फिल्मचे १ टक्क्याचे रोध आणि फिरती बटणे आणली. खर्च विकतच्या पेटीहून अधिक झाला, हे कबूल करतो. आणि ज्याच्याजवळ भरवशाचा मीटर आहे, त्याने यांपैकी काहीच घेऊ नये असेही आमचे मत झाले आहे. दहा फेऱ्यांचा एक चांगला पॉट घ्यावा, हवा तो रोध मीटरवर मोजून लावावा आणि कामास लागावे.

पेटी कोणतीही असो, ती जळते हे मुलांना सांगावे लागते. एका मुलाने बारा व्होल्टची बॅटरी पेटीला सरळ जोडली. बटण दहावर. सव्वा अँपिअरच्या घरात वीज वाहिली, म्हणजे चौदा वॅट, आणि आतला रोध पाव वॅटचा! ओसरीत धूर झाला. तेव्हापासून झाकणावर चिठी लावली आहे : एक ओहमच्या बटणावर अर्धा अँपिअर, दहाच्या बटणावर १५० मिलिअँपिअर, शंभराच्या बटणावर ५०, हजाराच्या बटणावर १५. त्यापुढे जाऊ नये.

त्या मुलीकडे मात्र चिठीने भागणार नव्हते. आम्ही तिच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. आम्ही वही मागितली. लाल रेघ खोडता येत नाही. तिच्याखाली आम्ही लिहिले, ‘दोन्ही निरीक्षणे बरोबर. पेटी चुकीची. तपासणाऱ्याची चूक,’ आणि तारखेसह सही केली. तिने ते वाचले आणि विचारले,

“मग सर, ती पेटी फेकून द्यायची का?”

“परत पाठवायची म्हटले तर टपालखर्चच भारी पडेल.”

“नका फेकू. किती खोटं बोलती ते लिहून ठेवू ना.”

पुढील शनिवारी ती आली. प्रत्येक बटणाची प्रत्येक जागा जुन्या पेटीशी ताडून तिने तक्ता केला. त्यास सारी दुपार लागली. तो तक्ता आता डब्याच्या बुडाला डकवला आहे आणि ती पेटी वर्गात सर्वांत जास्त वापरली जाते.

मग नियंत्रकाची पाळी आली. संवेदकाच्या जागी पेटी जोडून त्याला ‘आता इतकी ऊब आहे’ असे भासवायचे आणि दिवा वेळेवर विझतो का ते पाहायचे. नवी पेटी विश्वासाने वापरली असती तर? ११४ वर म्हणजे छत्तीस अंश असे आपण समजलो असतो, आणि पेटी प्रत्यक्षात देत होती ११२, म्हणजे एकतीस अंशांच्याही किंचित खाली. नियंत्रकाने छत्तीस दाखविले असते आणि अंडी गारठली असती. म्हणून जुन्या पेटीवर ११४ ठेवले आणि एकेक ओहमचे दोन रोध समांतर जोडून वरचा अर्धा मिळविला. बटणांच्या पेटीत आणखी एक खोड असते, बटण एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना क्षणभर तार तुटल्यासारखी होते आणि नियंत्रक दचकून दिवा मालवतो. खुंट्या आधीच लावून ठेवल्याने तो प्रश्न आला नाही. कोणी म्हणेल, ताप पाहण्याचा थर्मामीटर डब्यात ठेवून का पाहिले नाही? शेवटी तेही पाहिले. साडेसदतीसला दोन रेघा कमी.

“भाऊ, आता ठेवू का अंडी?” तिच्या आईने विचारले. आम्ही लेकीकडे बोट केले. तिने आधी वही उघडली, मग मान हलविली.

वीस अंडी ठेवली. पहिल्या आठवड्यानंतर दिव्यासमोर धरून पाहिली, त्यांतील चार निव्वळ पांढरी निघाली, ती काढून टाकली. वीज दोनदा गेली तेव्हा आईने डब्यावर गोधडी घातली. आज अठरावा दिवस. आजपासून अंडी फिरवावयाची नाहीत. डब्यात पाण्याची वाटी थोडी मोठी ठेवली आहे, आणि वहीच्या नव्या पानावर दर दोन तासांचे आकडे चढत आहेत, रात्रीचेसुद्धा. रात्रीचे आईच्या अक्षरात आहेत.