मृत्यूला पाखडणारी देवी

अनातबद्दल मला आजवर कुणी काही सांगितलं कसं नाही? सध्या भेटेल त्याला धरून मी हिचीच गोष्ट सांगत सुटले आहे. भंडाऱ्यात नवरात्राची धामधूम आहे, मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला गर्दी लोटते आहे. माझ्या डोक्यात मात्र सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडची एक रणदेवी ठाण मांडून बसली आहे.

ती सिरियातली. १९२८ साली लाताकिया शहराजवळ एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला आणि तो दगड निघाला जुन्या थडग्याचा. पुढच्याच वर्षी क्लोद शेफर हे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तिथे खोदायला आले आणि जवळच्या रास शामरा टेकाडात उगारित नावाचं अख्खं शहर सापडलं! मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यांवर ३० खुणांची अक्षरलिपी. पाट्यांवरची भाषा हिब्रू-अरबीच्या सेमिटिक कुळातलीच, त्यामुळे लिपी १९३० मध्येच उलगडली. इलिमिल्कू नावाच्या लेखनिकाने लिहून, खाली स्वतःचं नाव घालून ठेवलेल्या कथांमधून अनात बाहेर आली.

आणि काय रूप तिचं! अंगाला मेंदीचा दरवळ, आणि ती घराची दारं लावून युद्धाला निघते. खोऱ्यात लढते. शत्रूंची मुंडकी पाठीवर बांधते, तोडलेले हात कमरेला खोवते, रक्तात गुडघाभर चालते. इथे आपल्याला काली आठवणारच. मार्विन पोप या अमेरिकन अभ्यासकालाही आठवली होती. दोघींचं नातं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण तो हातांचा कमरपट्टा वाचताना मी पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसले होते, हे खरं. तेवढ्यावर भागत नाही म्हणून ती घरी येऊन खुर्च्या मांडते, टेबलं मांडते, त्यांनाच सैनिक समजून पुन्हा लढाई जुंपते आणि खदखदून हसते! मग आभाळातलं दव गोळा करून हात धुते.

इथवर मी नुसती थक्क होते. खरी वेडी झाले ती पुढच्या भागात.

बआल हा पावसाचा देव, अनातचा भाऊ. त्याला मोत, म्हणजे मृत्यू, गिळून टाकतो. पाऊस संपतो. वासरासाठी गाय कासावीस व्हावी तशी अनात त्याला शोधत फिरते. आधी ती मोतच्या वस्त्राचा काठ धरून भाऊ परत मागते. तो देत नाही. मग ती त्यालाच धरते. तलवारीने चिरते, पाखडते, आगीत भाजते, जात्यात दळते आणि शेतात पेरते!

आता हे भंडाऱ्यातल्या बाईने वाचावं आणि तिच्या अंगावर काटा येऊ नये? रोवणीत कंबर मोडेस्तोवर वाकलेल्या, बांधीतलं धान कापून पुंजणे रचणाऱ्या, चुरून, उडवून, सुपाने पाखडून कोठी भरणाऱ्या बायांचा हा जिल्हा. जे हात धानाला लागतात, तेच तिने मृत्यूला लावले. अभ्यासकांत यावर वाद आहे. काहींना त्यात सुगीचा विधी दिसतो. काही म्हणतात, हे केवळ समूळ नाश करण्याचं वर्णन. दाखला म्हणून ते बायबलमधलं सोन्याचं वासरू पुढे करतात. मोशेनेही ते जाळलं, कुटलं आणि पाण्यावर विखुरलं. दुसरी बाजूही वजनदार आहे, कारण मोतचं मांस पाखरं खाऊन टाकतात, त्यातून कोंब काही फुटत नाही. तरी माझं मत पहिल्या बाजूला. नुसता नाशच करायचा, तर पाखडायचं कशाला?

शिकारीची कथा तर याहून कडक. दनेल या सत्पुरुषाला नवसासायासाने मुलगा होतो, अकहात. देवांच्या कारागिराने बनवलेलं एक अजब धनुष्य त्याला मिळतं. अनातची नजर त्यावर पडते. ती चांदी-सोनं देऊ करते. तो म्हणतो, लबानोनचं लाकूड आण, रानबैलाच्या शिरा आण, डोंगरबकऱ्याची शिंगं आण आणि कारागिराकडून स्वतःचं बनवून घे. ती अमरपण देऊ करते. तो म्हणतो, खोटं बोलू नकोस, माणूस मरतोच, मीही मरेन. वर विचारतो, धनुष्य वीरांचं असतं, बायका कधीपासून शिकारीला जायला लागल्या? झालं! शिकारीच्या देवीला हे विचारायचं?

यत्पान नावाच्या मारेकऱ्याला ती ससाण्यासारखी कमरेला खोवते, घारींच्या थव्यातून नेते आणि जेवायला बसलेल्या अकहातवर सोडते. अकहात मरतो, धनुष्यही मोडतं, आणि देशात दुष्काळ पडतो. करपलेल्या शेतात हिंडताना बापाला एक हिरवं कणीस दिसतं. तो त्याला कवटाळतो, त्याचे मुके घेतो, आणि म्हणतो की माझ्या अकहातच्या हाताने तुझी कापणी होवो. मुलगा गेल्याचं त्याला अजून कळलेलंच नसतं.

(जाता जाता: इजिप्तचा दुसरा रामसेस या देवीवर एवढा फिदा होता की त्याने एका मुलीचं नाव बिंत-अनात, म्हणजे अनातची लेक, असं ठेवलं. त्याच्या कुत्र्याच्या नावातही अनात होती!)

शेवटी भावाचा सूड घ्यायला अकहातची बहीण पुगत निघते. आत योद्ध्याचा वेश आणि शस्त्रं, वरून बाईचे कपडे. यत्पानच्या तंबूत पोचते, त्याला दारू पाजते, आणि तिथेच पाटी संपते. पुढचा भाग सापडलेलाच नाही.

झाडीपट्टीतल्या नाटककारांनो, दिवाळीनंतर तुमचा हंगाम सुरू होईल. रातभर मांडवात बसणारा प्रेक्षक या कथेवर तुटून पडेल. पहिले दोन अंक इलिमिल्कूने लिहून ठेवले आहेत. तिसरा तुम्ही लिहा, आणि पुगतला भूमिका चांगली मोठी द्या.