किराण्याची वही



शाळेच्या वार्तापत्रासाठी घरखर्चावर चार शब्द लिहा, असे बाईंनी सांगितले तेव्हा आम्ही दोघेही जरा संकोचलो. आम्ही काही लेखक नव्हे. आमच्यापैकी एक पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पाळीवर जातो, तर दुसरी घरी बसून साड्यांचे धागे कापते, लेस लावते. मूळ गाव खानदेशात, पण सुरतेत आमच्या घराची ही तिसरी पिढी. तरीही लिहायला बसलो, कारण काटकसर या एका शब्दापायी आमच्या घरात एक मोठी चूक झाली होती. ती इतरांच्या घरात होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

गोष्ट 2015 सालच्या दिवाळीची. त्या वर्षी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. घरात आम्ही पाच माणसे : आम्ही दोघे, आजी, आठवीच्या उंबरठ्यावरची मुलगी आणि चार वर्षांचा धाकटा. किराण्याच्या दुकानात उधारीची वही होती, आणि महिन्याचा आकडा 5,800 च्या पुढे सरकू लागला होता. पगार मात्र तेवढाच. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे मोठी माणसे सांगत आली आहेत. आम्हीही पाय आखडायचे ठरवले आणि सगळ्यात महाग दिसली ती डाळ आधी कापली. वरण पातळ झाले, मग आठवड्यातून तीनदाच होऊ लागले. दूध अर्ध्यावर आले. हिरवी भाजी महाग म्हणून रोज बटाटा. सकाळी मुलांना चहा-खारी, चहा-टोस्ट. वहीतला आकडा थोडा उतरला आणि आम्हाला वाटले, जिंकलो.

आजी तेव्हाच म्हणाली होती, "पोरेसना पोटले चिमटा नको देऊ." आम्ही ऐकले नाही.

जुलै 2016 मध्ये एके दिवशी शाळेतून निरोप आला. प्रार्थनेच्या वेळी मुलगी चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन 8.4. तिच्या वयाला ते निदान 12 हवे. डॉक्टरांनी विचारले, "ही सकाळी काय खाते?" आम्ही सांगितले, "चहा आणि खारी." ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हे खाणे नाही, ही भुकेची समजूत घालणे आहे." त्या दिवशी रिक्षात आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

पुढे कळले की हे दुखणे आमच्या एकट्या घराचे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 59 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणूनच शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. मुलींनो, ती गोळी दप्तरात ठेवू नका, खा.

त्या रात्री आम्ही वही उघडली आणि पहिल्यांदाच एकेक ओळ वाचली. तोवर आम्ही फक्त शेवटची बेरीज पाहत होतो. डाळ महाग खरी, पण पैसे तिथे गळत नव्हतेच. दोन्ही मुलांची पाच-पाच रुपयांची पडीकं, दिवसाला चार, म्हणजे महिन्याचे 600 रुपये. खारी, टोस्ट, बिस्किटे मिळून 450. तेल महिन्याला 5 लिटर. दिवसातून चार वेळा चहा आणि त्याची साखर. शिवाय उधारीमुळे रोज थोडे थोडे आणायचे : दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची मिरची, छोटी पुडी. छोटी पुडी नेहमीच महाग पडते.

मग आजीला स्वयंपाकघराची मुखत्यारी दिली. तिने काही नवीन केले नाही, खानदेशातले जुनेच बाहेर काढले. चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणले. हा आपला कळणा. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, की जेवण झाले. संध्याकाळी तांदळाच्या निम्मी तूरडाळ घालून खिचडी, वरून लसणाची फोडणी. कधी डाळ भरड वाटून, कांदा-मेथी घालून वाफवलेले फुणके आणि सोबत कढी. भाजी नसेल त्या दिवशी बेसनाचे डुबुकवडे.

विज्ञानाच्या पुस्तकाशी हे जुळते, हे मुलीनेच आम्हाला समजावून सांगितले. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आजीला ही नावे ठाऊक नव्हती. भाकरीत उडीद हवेत, एवढे ठाऊक होते.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टीही घरात लागू केल्या. जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नाही, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. आणि पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळायचे, कारण त्याने ते चांगले लागते. पालेभाजी म्हणजे दरवेळी विकतची जुडीच हवी असे नाही. आपल्याकडे ज्याला सगळे सरगवा म्हणतात त्या शेवग्याचा पाला शेजारच्या अंगणातून मागून आणता येतो. मेथीही रात्री गाडी उठायच्या वेळी स्वस्त मिळते.

आमच्या गल्लीनेही खूप शिकवले. पांडेसऱ्यात कुठल्या प्रांताची माणसे नाहीत? बाजूच्या बेनने वर्षाच्या गव्हाला दिवेल कसे चोळायचे ते दाखवले, म्हणजे कीड लागत नाही. आम्ही त्याला एरंडेल म्हणतो. बिहारी भाभीने भाजलेल्या चण्याचे सत्तू दिले. पाण्यात कालवून मीठ, लिंबू, कांदा घातला की मुलांचा नाश्ता तयार. वरच्या मजल्यावरच्या ओडिया भावांकडे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी त्याचा पखाळ करतात. आम्ही उरलेल्या भाताला फोडणी देतो, पण उन्हाळ्यात तो फार वेळ बाहेर राहू देत नाही. आंबलेले-बिघडलेले खाऊन दवाखान्याचे बिल भरणे ही काटकसर नव्हे.

आता हिशेब. पडीकं सणासुदीपुरती ठेवली, 500 वाचले. खारी-बिस्किटे रविवारी, 300 वाचले. तेल साडेतीन लिटरवर आणले, म्हणजे माणशी रोज 23 मिली. त्याचे 135 वाचले. चहा-साखरेचे 180. पगाराच्या दिवशी महिन्याचे एकदम भरल्याने साधारण 400. एकूण 1,515. यातले 315 आम्ही डाळ, शेंगदाणे आणि गुळावर वाढवले. बिल 4,600 वर आले, म्हणजे महिन्याला 1,200 रुपये कमी, आणि ताटात डाळ आधीपेक्षा जास्त. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते खोटे नाही. पण थेंब कुठून गळतो ते आधी पाहावे लागते.

हे सगळे सुखासुखी झाले असे नाही. सुरुवातीला मुलगी डबा मैत्रिणींसमोर उघडत नसे. काळसर भाकरी पाहून कोणी हसेल ही भीती. एके दिवशी तिच्या बाईंनीच तुकडा मागितला आणि म्हणाल्या, "माझी आई करायची." दुसऱ्या दिवसापासून दोन भाकऱ्या जास्त द्याव्या लागल्या. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले, 11.6. गोळ्यांचा त्यात वाटा होताच, ताटाचाही होता.

त्यानंतर परीक्षेचे दिवस आलेच. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली, मिलचा पगार अडकला. जुलै 2017 मध्ये जीएसटीच्या वेळी कापड बाजार बंद राहिला, पाळ्या कमी झाल्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, आणि गल्लीतली निम्मी माणसे गावी गेली. एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी 5 किलो धान्य मोफत मिळू लागले, त्याचा मोठा आधार झाला. पण डब्यात उडीद, शेंगदाणे, डाळ महिनाभराची होती आणि उधारीची वही बंद झालेली होती, म्हणून आम्ही पांडेसऱ्यातच टिकलो. आजी त्या वर्षी होती. तिने शेवटपर्यंत कळणा स्वतः चाळला.

आज मुलगी कमावती आहे. धाकटा आपल्याच शाळेत शिकतो आणि भाकरीवरून अजूनही कुरकुर करतो. घरात वही आहेच, पण ती आता दुकानदाराची नाही, आमची आहे. रोजचा खर्च धाकटा लिहितो. त्यामुळे त्याचे गणितही सुधारले!

पालकहो, भाव वाढतात तेव्हा आपण सगळेच काहीतरी कापतो. फक्त कापण्याआधी वही वाचा. जे पोटात टिकत नाही ते कापा, जे अंगी लागते ते राखा. बालमित्रांनो, तुम्ही एक महिना पडीकांचे पैसे वहीत लिहून पाहा आणि बेरीज आई-बाबांना दाखवा. विश्वस्तांना एक नम्र विनंती : वर्षातून एक दिवस शाळेत घरच्या डब्याचा ठेवावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरची जुनी, स्वस्त आणि पौष्टिक वस्तू आणावी. कोणाचाही डबा झाकून राहू नये.

चूक आमची होती, शहाणपण आजीचे. ते आपल्यापर्यंत पोचवले, एवढेच.