विमानाची त्वचा

संगणकावरील हवाई युद्धाच्या खेळात विमानाच्या आकृतीवर जे रंगचित्र चढवले जाते, त्याला ‘स्किन’ म्हणतात. हा शब्द खेळाडूंनी घडवलेला नव्हे. सांगाड्यावर ताणलेल्या पत्र्याला वा कापडाला विमानविद्येतही हेच नाव आहे. मॉस्कोत तयार झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयएल-२ श्तुर्मोविक’ या खेळात ही त्वचा म्हणजे एक चौरस चित्र होते : १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचे, अवघ्या २५६ रंगांचे. शिंप्याने बेतून ठेवलेल्या कापडासारखे विमान त्यात सुटे पसरलेले असे. पंख एका कोपऱ्यात, शेपटी दुसऱ्या, धडाच्या दोन्ही कुशी वेगवेगळ्या. हे चित्र कोणालाही नव्याने रंगवता येई, आणि देशोदेशींच्या हौशी माणसांनी ते मोबदल्याची अपेक्षा न ठेवता रंगवले.

खेळ तयार करणारे प्रत्येक विमानाला एखाददुसरा सर्वसाधारण पोशाख देतात. प्रत्यक्ष युद्धात मात्र सर्वसाधारण विमान नावाची वस्तू नसते. असते ते अमुक तुकडीचे, अमुक अक्षराचे, अमुक दिवशी धावपट्टीवर उभे असलेले एकच विमान. हौशी रंगाऱ्याचा सारा हट्ट त्या एका विमानासाठी असतो.

पुरावा म्हणून त्याच्या हाती बहुधा एखादे कृष्णधवल छायाचित्र येते, आणि तेही फसवे. त्या काळी वापरात असलेल्या फिल्मपैकी एका प्रकारात तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे, पिवळा काळवंडे आणि निळा फिकट दिसे. दुसऱ्या प्रकारात या छटांचा मेळ वेगळाच. ब्रिटिश विमानावरचे तेच वर्तुळचिन्ह दोन छायाचित्रांत दोन तऱ्हांचे दिसते, ते यामुळे. फिल्म कोणती होती हे ठरवल्यावाचून रंग ठरवता येत नाही. जाणकारांमध्ये एखाद्या करड्या छटेवरून वर्षानुवर्षे वाद चालतात. बाहेरच्याला ते हास्यास्पद वाटावेत. पण कधी कधी रंगावर माणसाचा जीव अवलंबून होता, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

इंफाळचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तेथे दाखल झाली. तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, विमाने हरिकेन, काम मुख्यतः टेहळणीचे. या विमानांच्या वर्तुळचिन्हात तांबडा रंग नव्हता. जपानी विमानावर तांबडा सूर्यगोल असे; अंगावर कुठेही तांबडे दिसले की आपल्याच माणसाने गोळी घालण्याचा धोका. अमेरिकेने आपल्या ताऱ्यातला तांबडा ठिपका मे १९४२ मध्येच काढून टाकला होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही तांबडे गेले, पुढे झळकणारे पांढरेही गेले आणि गडद व फिकट अशा दोन निळ्यांचे चिन्ह उरले. दिसायला ते मिणमिणते आहे. पडद्यावर शोभून दिसावे म्हणून इंफाळच्या हरिकेनवर जो तांबडा गोल काढतो, तो त्या वैमानिकाला नकळत शत्रूच्या वेषात उभा करतो.

हरिकेनच्या बाबतीत आणखी एक फसगत नेहमी होते. जुनेपणा दाखवण्यासाठी रंगाचे पोपडे उडालेले आणि खालचा चंदेरी पत्रा उघडा पडलेला काढण्याची चाल आहे. इंजिनाच्या झाकणावर, पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिकाचे आणि मेकॅनिकचे बूट घासत, तिथे ते योग्यच. पण कॉकपिटच्या मागचे हरिकेनचे धड पोलादी नळ्यांच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे होते. कापड मळते, विटते, फाटते, त्याला ठिगळ लागते. त्याखालून चांदी निघत नाही. चांगला रंगारी तिथे पट्ट्यांच्या पुसट उभारी दाखवतो आणि थांबतो. हे थांबणे अवघड असते.

नीटनेटकेपणाही असाच दगा देतो. इंफाळचा वेढा उठला त्याच १९४४ च्या जूनमध्ये, नॉर्मंडीच्या स्वारीआधी, दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले गेले : तीन पांढरे, दोन काळे, एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येकी १८ इंच रुंद. आदल्या वर्षी सिसिलीवर आपल्याच तोफांनी आपलीच वाहतूक विमाने पाडली होती; ते पुन्हा घडू नये म्हणून ही खूण. गुप्ततेसाठी हुकूम शेवटच्या क्षणी सुटला. हजारो विमाने हातांनी, घाईघाईने रंगवली गेली. कडा वाकड्या, रंग कुठे दाट कुठे पातळ. संगणकावर सरळ रेषा काढायला क्षणही लागत नाही. ती वाकडी काढायला रंगाऱ्याची संध्याकाळ जाते, आणि खेळणारा वर म्हणतो, काम कच्चे झाले आहे.

उड्डाणापूर्वी हरिकेनच्या पंखांतील मशीनगनांच्या तोंडांवर कापडाची ठिगळे चिकटवत, थंडी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. पहिल्याच गोळीने ती फाटत. ठिगळ अखंड असेल तर वैमानिकाने अजून गोळी झाडलेली नाही. फाटलेले आणि मागे काजळी असेल तर तो लढून परतला आहे. स्किन एकच, म्हणून रंगाऱ्याला यांतले एक निवडावे लागते. बहुतेक जण अखंड ठिगळ काढतात. मग कुणी अनोळखी खेळाडू ते विमान आकाशात नेतो, कळ दाबतो, आठही नळ्या आग ओकतात. ठिगळे होती तशीच राहतात.