हवेला वाट द्या

ट्रॅकवर जुनी गाडी तापायला लागली की रेडिएटर मोठा बसवायचा, पंखा डायरेक्ट, म्हणजे सतत चालू राहील असा करायचा आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा, या मताचा मी बरीच वर्षं होतो. नव्याने ट्रॅकवर येणाऱ्या मुलांनाही हेच सांगायचो. आज माझं मत वेगळं आहे. ते का बदललं हे नीट सांगायला हवं, कारण तोच सल्ला अजून गॅरेजागॅरेजात मिळतो आणि त्यापायी चांगली इंजिनं जातात.

माझी गाडी फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. २००१ साली बाजारात आलेली आणि कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनायची, तिथेच बनलेली. १५९६ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. काटेकोर अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे; तो मान आपल्या बाजूला गोव्यात बनलेल्या दोन आसनी सॅन स्टॉर्मचा. पण त्या काळात एवढ्याशा गाडीत एवढं इंजिन दुसरीकडे सहज मिळत नव्हतं, आणि हौशी माणसाला ट्रॅकवर उतरायला ती पुरेशी आहे.

माझ्यासारख्या नवी मुंबईतल्या उलव्यात राहणाऱ्याला ट्रॅक मात्र लांब. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा. गाडी पूर्ण ताकदीने पळवायची तर कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक मी गाठतो. एवढ्या लांब जायचं आणि चारपाच लॅपनंतर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतोय म्हणून पिटमध्ये यायचं, हे जिवावर येतं. त्या वेळी कोणी जो उपाय सुचवेल तो खरा वाटतो.

आमचं जुनं मत आलं बोरघाटातून. माझ्या पिढीने खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनी पाहिल्या आहेत. डिकीत पाण्याचा डबा असल्याशिवाय पुण्याची वाट धरायची नाही, हा घराघरातला नियम होता. घाटापुरतं ते बरोबरही होतं. चढावर इंजिन जोर लावतं आणि गाडी ताशी वीस-तीसने सरकते, समोरून वारा मिळत नाही. तिथे पंखा आणि पाणी यांच्यावरच भिस्त. ट्रॅकवर गाडी शंभराच्या पुढे असते. ताशी पन्नास-साठच्या वर पंख्याचं काम समोरून येणारा वाराच करतो. मग घाटातला उपाय ट्रॅकवर कसा चालेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता तेव्हा पडला नाही. तो पडला हिशेब मांडल्यावर.

हिशेब असा. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. अटल सेतूवर ताशी १०० ची मर्यादा पाळून गेलं तर माझ्या गाडीला १५ किलोवॅटच्या आसपास ताकद पुरते. ट्रॅकवर पूर्ण रेस दिल्यावर तीच ताकद ७५ किलोवॅटकडे जाते आणि तितक्याच प्रमाणात रेडिएटरवरचा भार वाढतो. समजा साठ किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची आहे आणि हवा रेडिएटरमधून जाताना चाळीस अंशांनी तापते. म्हणजे दर सेकंदाला दीड किलो हवा रेडिएटरमधून आरपार जायला हवी. त्यात आपलं हवामान. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर फरक ७५ चा. आपल्याकडे हवा ३५ अंशांवर, म्हणजे फरक ६० चा. तोच रेडिएटर इथे एक पंचमांश कमी काम करतो. पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत आणून सोडतं. ती गाडीबाहेर नेते हवा, आणि त्या हवेचा विचार आम्ही कोणीच करत नव्हतो.

यानंतर मी बंपर उतरवला, एसीचा कंडेन्सर पुढे ओढला आणि मागे पाहिलं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत राखाडी, नमद्यासारखा थर बसला होता. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंगांनी उतरवला गेला, त्या वर्षांची दगडाची भुकटी. सेक्टरांमधल्या बांधकामांचं सिमेंट. त्यावर किडे आणि तेलकट ओल. आज विमानं उडतात, तरी तयार काँक्रीटचे (आरएमसी) ट्रक थांबलेले नाहीत. खाडीच्या खाऱ्या हवेने रेडिएटरच्या खालच्या भागातले फिन, म्हणजे पातळ पत्र्या, मऊ होऊन वाकले होते. रेडिएटरच्या मागे टॉर्च धरला तर खालच्या तिसऱ्या हिश्श्यातून उजेडच दिसेना. पुढून पाहणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण कंडेन्सर स्वच्छ होता.

दुसरी गोष्ट दिसली ती कडेच्या मोकळ्या जागांची. पुढच्या जाळीतून घुसलेली हवा रेडिएटरच्या दाट फिनमधून जाण्याऐवजी बाजूने, वरून, खालून निसटत होती. तिला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने जात नाही. मी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून जाळीपासून रेडिएटरपर्यंत बंदिस्त बोगदा केला, फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या, समोरचे जादा दिवे आणि नंबरप्लेटची मोठी चौकट हलवली. रेडिएटर आतून मोकळा होता, म्हणून तोच धुऊन, फिन सरळ करून परत बसवला. पुढच्या वेळी कोइमतूरला पूर्ण सत्रभर काटा जागचा हलला नाही. मोठ्या रेडिएटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच राहिले.

मग बाकीच्या समजुतीही तपासल्या. आपल्याकडे मिस्त्री पहिल्या वाक्यात ‘वॉल्व काढून टाकू’ म्हणतात; वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न शिवता पुन्हा इंजिनात फिरतो. याच्या उलट ‘पाणी फार वेगाने गेलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असंही ऐकू येतं. तेही खरं नाही, वेग वाढल्याने उष्णता कमी सुटत नाही. बॉनेटचा मागचा भाग वॉशर लावून उचलण्याची टूम दिसायला छान, पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरू शकते. गरम हवेला वाट द्यायची तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे द्यावी.

रेडिएटरच्या झाकणाला तर कोणी विचारतच नाही. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांवर उकळतं. एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत टिकतं. झाकणाचं रबर वाळलं की हे वीस अंश हातचे जातात. आणि काट्यावर आंधळा विश्वास नको. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा उलट खाली येतो. अशा वेळी चालवत राहिलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गास्केट उडतं.

माझं सगळ्यात मोठं मतांतर मात्र चालवण्याबद्दल आहे. दोन जोरदार लॅपनंतर एक लॅप सैल सोडणं म्हणजे माघार, असं मला वाटायचं. आता ती लॅप मी आधीच ठरवून ठेवतो. वरचा गियर, कमी आरपीएम, पुढच्या गाडीच्या बरोबर मागे न राहता थोडं बाजूला, म्हणजे तिची तापलेली हवा आपल्या जाळीत येत नाही. तेल पाण्यापेक्षा उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, ब्रेकही तापलेले असतात; ती एक लॅप तिघांनाही लागते. पिटमध्ये आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि आत साठलेल्या उष्णतेने तापमान आणखी चढतं. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये.

मोठा रेडिएटर वाईट असं मी म्हणत नाही. इंजिनाची ताकद वाढवली असेल किंवा जुना रेडिएटर आतून बुजला असेल तर तो लागतोच. पण तो शेवटचा खर्च आहे, पहिला नाही. ट्रॅकवर जाण्याआधी कंडेन्सर पुढे ओढून मागे टॉर्च धरून बघा, फटी बुजवा, झाकण बदला, थर्मोस्टॅट जागेवर ठेवा. एवढं करूनही काटा चढला, तरच रेडिएटरचा भाव विचारा.