बिऱ्हाड इस्लामपुरास न्यावे काय?

कऱ्हाडाहून दक्षिणेस निघालेला महामार्ग मलकापूर, वाठार, मालखेड ही गावे मागे टाकीत कासेगावाकडे जातो आणि तेथे सांगली जिल्हा लागतो. पुढे नेर्ले, मग पेठ. आणि पेठनाक्यावर मोठा रस्ता सोडून पूर्वेस वळले म्हणजे थोड्याच वेळात इस्लामपूर येते. एकंदर अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. जुन्या मापाने अकरा कोस. एवढ्याशा प्रवासात वर्णन करण्याजोगे नवल ते कोणते, असे वाचक विचारतील. परंतु मनुष्य एखाद्या गावी पाहुणा म्हणून जातो तेव्हा ते गाव त्यास एका प्रकारे दिसते, आणि तेथे बिऱ्हाड करावे की नाही हे ठरविण्यासाठी जातो तेव्हा निराळ्याच प्रकारे दिसते. पहिल्या वेळी तो देवळे पाहतो. दुसऱ्या वेळी नळास पाणी किती वाजता येते ते विचारतो. प्रस्तुत लेखकाचे नुकतेच इस्लामपुरास जाणे झाले ते या दुसऱ्या प्रकारचे.

निमित्त असे की, आमच्या सूनबाईंस शिक्षकभरतीत इस्लामपूरनजीकच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर नेमणूक मिळाली. चिरंजीव कऱ्हाडास एका सहकारी बँकेत आहेत. नातू सहा वर्षांचा. कऱ्हाडचे घर स्वतःचे, कृष्णा-कोयनेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर. घर आहे तेथेच ठेवावे तर सूनबाईंनी रोज जावे-यावे. बिऱ्हाड इस्लामपुरास न्यावे तर चिरंजीवांनी जावे-यावे. रस्ता तोच, गाडी तीच. बदलणार तो केवळ प्रवासी.

गाव म्हणाल तर बिऱ्हाडास उत्तम. उरुण आणि इस्लामपूर अशी ही जोडवस्ती. २०२५ साली राज्य शासनाने तिचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. परंतु जिभेस बसलेले जुने नावच आम्ही येथे वापरीत आहो. तालुक्याचे नाव वाळवे असले तरी कचेऱ्या सर्व इस्लामपुरात आहेत. सभोवती कृष्णाकाठची काळीभोर जमीन आणि नजर जाईल तिकडे ऊस. जवळच साखराळ्यास राजारामबापू सहकारी साखर कारखाना आणि त्याच परिसरात १९८३ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यामुळे बाहेरगावचा शिक्षकवर्ग व विद्यार्थी यांची गावास सवय आहे, आणि नव्या बिऱ्हाडकरूकडे कोणी टकमक पाहत नाही. संभूआप्पा व बुवाफन या हिंदू-मुसलमान गुरुशिष्यांचा उरूस हे गावाचे भूषण. सुट्टीच्या दिवशी नातवास घेऊन जावयाचे तर बह्याचे रामलिंग, कृष्णेच्या पात्रातील बेट आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक, हे जवळच आहे. उणीव एकच, ती म्हणजे आगगाडीची. पुणे-मिरज लोहमार्ग कृष्णेपलीकडून जातो. जवळचे स्थानक ताकारी. सबब कऱ्हाडास जाणे-येणे करावयाचे ते रस्त्यानेच.

या रस्त्यावरील जिल्ह्याच्या सीमेकडे पूर्वी आमचे कधी लक्ष गेले नव्हते. कऱ्हाड आणि वाळवे हे दोन्ही तालुके एके काळी एकाच सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सीमा पडली ती नेमकी या दोन तालुक्यांमधून. त्यामुळे सूनबाईंची नोकरी सांगली जिल्हा परिषदेची आणि घर सातारा जिल्ह्यात. कऱ्हाडकडे बदली मागणे म्हणजे एका जिल्हा परिषदेतून दुसरीत जाणे, आणि ते काही वर्षांत सहज साधणारे काम नव्हे.

शासनाने पति-पत्नींचा विचार केलाच नाही असे मात्र नाही. केंद्र सरकारने १९८६ सालीच आपल्या नोकरांतील दांपत्यांस शक्य तोवर एके ठिकाणी ठेवावे असे ठरविले. आपल्या राज्यात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांविषयी २०१७ साली जो निर्णय निघाला, त्यात उभयतांच्या कामाच्या ठिकाणांत तीस किलोमीटरांहून अधिक अंतर असल्यास त्यांस विशेष संवर्गात घेतले आहे. म्हणजे तिशीपलीकडे संसारास ताण पडतो हे शासनासही मान्य. परंतु ही सवलत ठराविक प्रकारच्या नोकऱ्यांस आहे, आणि सहकारी बँकेतील पतीस तिचा उपयोग नाही. निर्णय घरातच करणे प्राप्त होते.

घरातील पहिला हिशेब रुपयांचा झाला. सूनबाईंस प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावयाची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले, तरी ते चिरंजीवांच्या वेतनाहून पुष्कळच कमी. शिवाय मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस निम्मे भाडे. कऱ्हाडास भाडे नाही; इस्लामपुरास ते द्यावे लागणार. कागदावर आकडे मांडले तेव्हा उत्तर सरळ निघाले की सूनबाईंनीच प्रवास करावा.

परंतु या हिशेबात एक रकाना राहून गेला होता, तो वेळेचा. घरून स्थानक, स्थानकावर गाडीची वाट, गाडीतील तास, पेठेच्या पुढे शाळेपर्यंतची पायपीट, असे जाऊन-येऊन तीन तास धरावे लागतात. गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या गाड्या रस्ता अडवितात, तेव्हा त्याहूनही अधिक. शिक्षणहक्काच्या कायद्याने पहिली ते पाचवीचे वर्ष किमान दोनशे दिवसांचे. दोनशे दिवसांचे सहाशे तास, म्हणजे वर्षाकाठी पुरे पंचवीस अहोरात्र रस्त्यावर. तिकिटास निम्मी सवलत मिळाली, पण तासांस मिळत नाही. आणि हे तास सूनबाईंच्या दिवसातून गेले तर ते कोणत्या कामांतून जाणार? पहाटेचा स्वयंपाक, नातवाचा अभ्यास, सासूचे औषधपाणी ही कामे तर टळणारी नव्हेत. ती तिच्याच झोपेतून वजा होणार. चिरंजीव प्रवास करतील तर त्यांचे वाचन, मित्रमंडळ आणि सायंकाळचा घाटावरील फेरफटका कमी होईल. तोटा दोहोंकडे आहे, पण तो सारख्या वजनाचा नाही.

मधला मार्ग म्हणून कासेगावास राहावे असेही एकाने सुचविले. ऐकण्यास हे न्याय्य वाटते. परंतु तेथे उभयता सकाळी दोन दिशांस निघणार आणि मूल व घर दोहोंपासून सारखेच दूर राहणार. सूनबाईंनी एकटीने तेथे खोली घ्यावी व शनिवारी घरी यावे, हा दुसरा पर्याय. कालिदासाच्या यक्षास कामातील कसुरीबद्दल एक वर्षाचा विरह भोगावा लागला. येथे कसूर काही नसता, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्याबद्दल, तो तीन वर्षे कोणी सोसावा? आणि सहा वर्षांच्या मुलाने का सोसावा?

खरा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारला. चिरंजीवांचीच बदली बँकेच्या इस्लामपूर शाखेत झाली असती तर आपण असा आठवडाभर काथ्याकूट केला असता काय? उत्तर उघड होते. दुसऱ्याच दिवशी ट्रंका भरल्या असत्या आणि सुनेचे मत विचारावे हे कोणाच्या मनातही आले नसते. विवाह या शब्दातील वह् धातूचा अर्थच वाहून नेणे. वधूने वराच्या गावी जावयाचे, हे भाषेनेच गृहीत धरले आहे. याच खोऱ्यातील किर्लोस्करवाडीचे उदाहरण घ्या. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानात कुंडलनजीक निवडुंगाच्या माळावर कारखाना आणला, तेव्हा त्यांच्या पत्नी राधाबाईंनी आणि कामगारांच्या कुटुंबांनी त्या माळावर संसार मांडले. त्या उद्योगाचे श्रेय आपण यथार्थपणे गातो. पण चुली पेटविणाऱ्या त्या स्त्रियांवाचून वाडी वसली नसती. पुरुषाच्या कामामागे घर हलते ही आपली रीत जुनी आणि फलदायी ठरलेली आहे. ती स्त्रीच्या कामास लावली म्हणजे अनर्थ ओढवेल, असे मानण्यास आम्हांस कारण दिसले नाही.

म्हणून बिऱ्हाड इस्लामपुरास न्यावयाचे ठरले. जागा एस.टी. स्थानकाजवळ घ्यावयाची, जेणेकरून चिरंजीवांचा अर्धा तास वाचेल. नातवाचे नाव तेथील शाळेत घालावयाचे. आम्ही उभयता वृद्ध कऱ्हाडासच राहू. एकादशीस संगमावरचे स्नान सुटावयास नको, आणि सणावारी सर्वांस यावयास घर उघडे हवे. नातवावाचून सायंकाळी ओसरी रिकामी वाटेल, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मात्र त्या रिकामपणाची किंमत सुनेच्या पंचवीस अहोरात्रांनी चुकती करून घ्यावी, एवढे आमचे वय झालेले नाही. तीन वर्षांची मुदत संपली म्हणजे पुन्हा सर्वांनी एकत्र बसावयाचे आणि तेव्हाची परिस्थिती पाहून ठरवावयाचे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी रुपयांचा हिशेब अवश्य करावा, पण शेजारी तासांचाही रकाना आखावा आणि ते तास कोणाच्या दिवसातून जाणार हे नाव घालून लिहावे. आमच्या घरी तो कागद भरल्यावर वादास फारशी जागा उरली नाही.